माहेरची माणसं

कळवणातून नांदुरीच्या रस्त्याला लागलात की जरा कडेला उभे राहा. रामनवमी झाली आहे, चैत्र पौर्णिमा यायची आहे. भगवे झेंडे, गाण्यांच्या गाड्या, कडेला मांडव. मांडवात खिचडी, ताक, कलिंगडाच्या फोडी, सगळं फुकट. आता यातलं एकेक वजा करत चला. आधी गाण्यांचा आवाज जातो. मग मांडव. मग पाण्याच्या बाटल्या, कांद्याच्या चाळी, बोअरवेल. शेवटी उरतात रस्ता, ऊन आणि तुमचे पाय.

साल 1973.

आदल्या वर्षीचा पाऊस गेला तो गेलाच. तुम्ही धुळ्याकडून निघालात त्याला आज चौथा दिवस. मालेगाव मागे पडलं, देवळा मागे पडलं. सोबतच्या टोळीतली बोलणी सकाळीच संपली आहेत. कुणीतरी मधेच सप्तशृंगी देवीच्या नावाचा गजर करतं, पण त्याला उत्तर द्यायलाही घशात ओल नाही. डाव्या टाचेला फोड आलाय, म्हणून तुम्ही चवड्यावर चालताय. पुढच्या माणसाच्या खांद्यावर चार वर्षांची पोर मान टाकून झोपली आहे.

वळणावर एक निंब आहे. निंबाखाली ओटा, ओट्यावर रांजण. रांजणाला उन्हाळ्यात ओलं फडकं गुंडाळतात, ते इथे नाही. फडकं भिजवण्यापुरतं पाणीसुद्धा यंदा मोजून आहे.

"बस रे भाऊ. आते कथा चालना? ऊन उतरू दे."

बाई चाळिशीची असेल. तुम्ही खाली बसून ओंजळ धरता, ती वरून तांब्या ओतते. टोळीत कोण कुठल्या जातीचा, हे ती विचारत नाही. सगळ्यांना तांब्या एकच. पाणी कोमट आहे, तळाच्या मातीचा वास आहे त्याला. पहिला तांब्या कधी संपला ते कळतही नाही. दुसऱ्याला तुमची ओंजळ मागे येते, कारण घरामागची विहीर तुम्हाला दिसली आहे. तिच्यात दोर सोडून उपयोग नाही. एक पोरगा कपारींना पाय लावत तळाशी उतरलाय आणि झिरपलेलं पाणी वाटीवाटीने कळशीत भरतोय. रात्रभर पाझरावं तेव्हा सकाळी दोन कळश्या निघतात, हे तोच वर आल्यावर सांगतो, सहज, तक्रार न करता.

बाईने हे सगळं तुमच्या आधीपासून पाहिलेलं आहे. तरी तांब्या वाकडाच आहे. "पी," ती म्हणते, आणि ओंजळ पुन्हा भरते.

दुष्काळी कामावरून दुपारी परतलेली दुसरी एक बाई ओट्यावर टेकते. खडी फोडून तिच्या बोटांना चिरा पडल्यात. पदराच्या गाठीत कामावर मिळालेली सुकडी आहे, घरच्या लेकरांसाठी बांधून आणलेली. खांद्यावरची ती झोपलेली पोर आता जागी होऊन तिच्याकडे टक लावून बघते आहे. गाठ सुटते. चिमूटभर नव्हे, मूठभर सुकडी पोरीच्या हातावर येते. उरलेल्याची गाठ ती पुन्हा आवळते, आणि त्या गाठीचा आकार किती लहान झाला हे तुम्ही बघत राहता.

त्या मुठीपाशी मला दरवेळी थांबावं लागतं. भरल्या कोठारातून देणारे पुष्कळ असतात आणि त्यांचं नाव दगडावर कोरलं जातं. पदराच्या गाठीतून दिलेलं कुठे लिहून ठेवायचं?

आतून अर्धी भाकरी येते. रेशनच्या लाल मिलोची, कडा फाटलेली, वर मिरचीचा ठेचा. घरातला म्हातारा सुईत दोरा ओवून तुमच्या टाचेशी बसतो. फोडातून दोरा आरपार काढून तिथेच ठेवतो, म्हणजे पाणी निथळतं आणि कातडी निघत नाही. अनोळखी माणसाने पाय मांडीवर घेतल्याने तुम्ही संकोचता. तो मान वर करत नाही.

सप्तशृंगीचं माहेर खान्देश, असं इकडे मानतात. चैत्रात तिकडून चालत येणारा प्रत्येक जण म्हणून लेकीला भेटायला निघालेला माहेरचा माणूस ठरतो. मग गडाच्या पायथ्याचा हा मुलूख तिचं सासर. सुनेच्या माहेरचं कुणी दारात आलं तर घरात काय आहे, काय नाही, हे त्याच्यासमोर मोजत नाहीत. मला वाटतं, या वाटेवरचं देणं या नात्यातून आलं आहे. दान हा शब्द इथे कुणाच्या तोंडी नाही.

निघताना तुम्ही दहा पैसे पुढे करता. बाई नाणं तुमच्याच मुठीत परत दाबते. गड इथून दिसतो, पण यंदा तिचं जाणं झालेलं नाही. रांजण सोडून कशी जाणार?

"आईले मना नमस्कार सांगजो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गडावरच्या पायऱ्या चढता. या पायऱ्या 1710 च्या सुमारास उमाबाई दाभाडे यांनी बांधवल्या. त्या इथल्याच, अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. तळेगावच्या दाभाड्यांकडे दिलेली. सासरी गेलेल्या लेकीने आपल्या मुलखातल्या गडावर चालणाऱ्यांच्या पायांचा विचार केला. दोरा अजून तुमच्या टाचेत आहे. प्रत्येक पायरीला तो जाणवतो.

गर्दी तुम्हाला आत ढकलते. अठरा हातांची देवी, अंगावर शेंदराचा जाड थर; तो उतरून मूळ रूप दिसायला 2022 उजाडणार आहे. मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि ती कान देऊन ऐकते, असं लोक म्हणतात. तुमच्या वाट्याला एक क्षण आहे. त्या कललेल्या कानाकडे बघत तुम्ही घाईघाईने निरोप पोहोचवता: वळणावर निंब आहे ना, त्या ओट्यावरच्या बाईने नमस्कार सांगितलाय.

मागचा माणूस रेटतो. तिचं नाव विचारायचं राहिलं, हे तुमच्या तेव्हा ध्यानात येतं.