अवकाशनौकेची बैठक

कपाटात मांडलेल्या अवकाशनौकेची बैठक हा केवळ आधार असतो. पटावरच्या युद्धखेळात मात्र नौका नेमकी कोठे आहे हे तीच ठरवते.

१९९९ साली ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ आणला. अथांग अवकाशात नौका म्हणजे जेमतेम एक बिंदू. त्यामुळे अंतरे प्रतिकृतीपासून नव्हे, तर बैठकीवरील दांडीपासून मोजली जात. धातूच्या जड युद्धनौका प्लास्टिकच्या बारीक दांडीवर डळमळत, म्हणून हौशी खेळाडू तळाशी लोखंडी वायसर चिकटवीत, दांडीऐवजी पितळी सळई बसवीत. बैठक रुंद करणे मात्र वादाचे होते, आणि ते रास्तच. कारण शत्रूचे टॉर्पेडो बैठकीलाच भिडत.

२०१२ च्या ‘एक्स-विंग’ने तेवढीही मोकळीक ठेवली नाही. लहान नौकेची बैठक ४० मिलिमीटरचा चौरस. वळणाची पट्टी तिच्या कडेवरील दोन उंचवट्यांमध्ये बसते. माऱ्याचा कोन तिच्यावरील पुठ्ठ्यावर छापलेला असतो. निराळी बैठक लावली, तर नौका नियमानुसार वळूच शकत नाही. तेव्हा खेळाडूंनी बैठकीला हात न लावता दांडीच्या टोकाला लोहचुंबक बसवले. नौका हवी तशी कलते, मोजमाप जागच्या जागी राहते.