होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम : (१९७२–२००२). मध्य प्रदेश राज्यातील माध्यमिक शाळांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत राबविण्यात आलेला प्रयोगनिष्ठ विज्ञानशिक्षणाचा उपक्रम. विद्यार्थी ज्या रीतीने शिकतो, त्या रीतीशी अध्यापनाची पद्धती जुळवून घेण्याचा भारतातील हा एक महत्त्वाचा प्रयत्न होय.

विद्यार्थ्याने स्वतः शोध घेत शिकावे, हे तत्त्व इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वयंशोधन पद्धतीच्या रूपाने मांडले होते. पुढे झां प्याजे (१८९६–१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञांनी मूल वस्तू हाताळून आपले ज्ञान स्वतःच घडविते, असे प्रतिपादन केले. तथापि भारतातील बहुतेक शाळांत विज्ञान हे व्याख्या पाठ करण्यापुरतेच राहिले होते.

१९७२ मध्ये ‘किशोर भारती’ व रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी शासनाच्या अनुमतीने होशंगाबाद (सध्याचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ ग्रामीण शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांचे त्यास साहाय्य लाभले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत तयार उत्तरे नसत. विद्यार्थी लहान गटांत स्वस्त साहित्याने प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत व चर्चेतून निष्कर्ष काढीत. उदा., शेतातील रोपे उपटून त्यांची पाने व मुळे ताडून पाहिली म्हणजे जाळीदार शिरांच्या पानांबरोबर बहुधा सोटमूळ, तर समांतर शिरांच्या पानांबरोबर तंतुमुळे आढळतात, हा संबंध मुलांच्या स्वतःच्याच ध्यानी येई.

अशा वर्गात शिक्षकाची भूमिका पालटते. अनपेक्षित प्रश्न व परस्परविरोधी निरीक्षणे यांना त्याला सामोरे जावे लागते. म्हणून प्रशिक्षणात शिक्षक स्वतः तेच प्रयोग करीत आणि मासिक बैठकांत अडचणींची चर्चा करीत. मूल्यमापनही बदलण्यात आले : लेखी परीक्षेत पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षा स्वतंत्रपणे घेतली जाई. परीक्षा स्मरणशक्तीची राहिली असती, तर अध्यापनही पुन्हा पाठांतराकडे वळले असते.

२००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो सु. १,००० शाळांत पोहोचला होता. अध्यापनपद्धती, पाठ्यपुस्तक, शिक्षकप्रशिक्षण व परीक्षा ही चारही अंगे एकाच वेळी बदलल्यास सामान्य ग्रामीण शाळेतही शोधक वृत्तीने विज्ञान शिकविता येते, हे या तीस वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिले. त्याचबरोबर, अशी सुधारणा टिकून राहणे हे शासकीय पाठिंब्यावर किती अवलंबून असते, हेही त्यातून स्पष्ट झाले.