छपराखालचे पूल आणि डिकसळच्या कमानी

पुलाला छप्पर घालतात असे सांगितले तर आपल्याकडचा शेतकरी हसेल. परंतु युरोप-अमेरिकेत असे लाकडी पूल शेकड्यांनी झाले. छप्पर वाटसरूसाठी नव्हते, लाकडासाठी होते. तुळयांच्या सांध्यांत पावसाचे पाणी मुरले की उघडा पूल दहा-वीस वर्षांत कुजतो. कोरडा राहिला तर शतक काढतो. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न शहराचा चौदाव्या शतकातला असा पूल १९९३ साली जळाला, तेव्हा नगरवासीयांनी वर्षाच्या आत तो पुन्हा उभारला.

आमच्याकडे वैरी वेगळा. पाणी वरून येते त्याहून भयंकर ते खालून येते. पुण्याला मुठेवर पेशवाईत झालेला लाकडी पूल पुराने नेला. जागी दगडी पूल आला, नाव मात्र 'लकडी पूल' असेच राहिले!

भीमेवर इंग्रजांनी दगडच निवडला. डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली आगगाडी इंदापूर तालुक्यातल्या डिकसळला नदीकाठी थांबली. ऑक्टोबर १८५९ मध्ये ती बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, पोहोचली. मधला अडसर ओलांडला तो चाळीस फुटी गाळ्यांच्या अठ्ठावीस कमानींनी. पुढे उजनीचे धरण होताना लोहमार्ग दुसरीकडून नेला आणि जुना पूल करमाळ्याकडच्या गावांचा भिगवणला येण्याचा रस्ता झाला. बाजारकरी आले तसा बारामती-इंदापूरच्या कारखान्यांचा ऊसही आला.

रूळ गेले, त्यांच्याबरोबर पुलावरून रोज पायी फिरणारा गँगमनही गेला. आमच्या मते या पुलाचे छप्पर तोच होता. अलीकडे पुलाचा काही भाग ढासळला, जड वाहनांना मनाई झाली, नवा पूल हाती घेतला गेला. तो हवाच होता. विद्यार्थ्यांनी आणि रुग्णांनी जुन्या दगडांवर जीव टांगून जावे असे कोण म्हणेल? परंतु नव्यासाठी जुना पाडण्याचे कारण नाही. सांध्यांतली पिंपळाची मुळे काढावीत, दरजा चुन्याने भराव्यात, पूल पायी जाणाऱ्यांपुरता ठेवावा, आणि दर पावसाळ्यानंतर त्याची पाहणी कोणी करायची हे कागदावर लिहून ठेवावे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते आणि भिगवणला रोहित पक्षी पाहण्यास माणसे लोटतात. त्यांना या कमानींकडे नेणारी एक पाटीसुद्धा पुरेल.