अक्षरांचे राखणदार

मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यास आपण वंदन करतो, दुसऱ्यास स्वयंपाकघरात बोलावतो. भेद एवढाच, की एकात ‘य’च्या डोक्यावर रफार आहे आणि दुसऱ्यात त्याच्या डाव्या अंगास पापणीसारखा ‘र’. हिंदीचे या दुसऱ्या ‘र’वाचून काही अडत नाही. तेव्हा संगणकावर देवनागरी आली, त्या वेळी त्याची काळजी मराठी माणसानेच वाहावयाची होती. ती त्याला कशाच्या बळावर वाहता आली, हे आज पाहावयाचे आहे.

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोमंतकात राशोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईस जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देखणे खिळे पाडले. परंतु साचा हा ओतणाऱ्याच्या मालकीचा. संगणकाच्या काळातही तीच रीत चालू राहिली. फाँट विकत घ्यावा आणि दोष आढळल्यास मालकाच्या मर्जीची वाट पाहावी! आमच्या मध्यप्रदेशात कृतिदेव फाँटात टंकलेला हिंदी मजकूर, ज्या यंत्रात तो फाँट नाही तेथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होऊन उमटतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

या रीतीविरुद्ध अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ‘ग्नू’ या कार्याची घोषणा केली. आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी, इतरांस द्यावी, आणि जो देईल त्याने हीच मोकळीक पुढे चालू ठेवावी, असा त्यांचा परवाना. कल्पना उदात्त खरी. पण नुसत्या मोकळिकीने कार्य तडीस जात नाही, याची साक्ष त्यांच्याच घरात आहे. संगणकाच्या गाभ्याची ‘हर्ड’ नावाची त्यांची आज्ञावली 1990 साली आरंभिली गेली; रचना अतिशय सूक्ष्म, पण तिची पहिली पूर्ण आवृत्ती अद्याप निघालेली नाही. उलट, हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने 1991 साली आपली ओबडधोबड ‘लिनक्स’ लोकांपुढे टाकली, 1992 साली तिला ग्नूचाच परवाना लावला, आणि लोकांनी धाडलेल्या दुरुस्त्या तपासून तो भराभर नव्या आवृत्त्या काढीत गेला. परवाना दोन्हींकडे एकच. एकीकडे परिपूर्णतेची वाट पाहणे होते. दुसरीकडे कोणते घ्यावे, कोणते परत करावे, हे रोज ठरविणारा माणूस होता.

बालाघाट-भंडाऱ्याकडील श्रोत्यांस हे समजावण्यासाठी दूर जावयास नको. आपले मालगुजारी तलाव आठवा. मालगुजारी वाईटच होती, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण 1950 च्या कायद्याने ती गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि कित्येक तलावांत गाळ साचत गेला. पाणी साऱ्या गावाचे होते. पाळ बांधावयाची कोणी आणि पाट उघडावयाचा कोणी, हेच ठरेनासे झाले.

आता आपल्या ‘र’कडे येऊ. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले भारतीय लिप्यांचे फाँट रेड हॅट या कंपनीने 2004 साली ‘लोहित’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुले केले. हे सारे निव्वळ सेवाभावाने घडले, असे कोणी सांगेल तर ते मानू नका. पुण्याच्या कचेरीत या कामासाठी पगारी माणसे होती, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दोष कळविण्यास जागा होती, कळविलेले वाचणारा होता. 2011 साली परवाना बदलून फाँटांसाठीच घडविलेला अधिक सोयीचा परवाना घेतला. मला विशेष वाटते ते 2013 च्या सुमाराचे काम. कोणते अक्षर कोणत्या अक्षराशी कसे जुळावे, याचे नियम त्यांनी साध्या वाचनीय मजकुरात नव्याने लिहून काढले, जेणेकरून परक्या माणसासही ते उचलता यावेत. देखणेपणात लोहितहून सरस फाँट आहेत. पण राखणदाराने आपल्यामागून येणाऱ्याची सोय आधीच करून ठेवावी, हे क्वचितच घडते.

प्रारंभी लोहितमध्ये हिंदी आणि मराठी असे निराळे फाँट होते, पुढे ते एकाच देवनागरीत आले. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मात्र त्यात राखले गेले आहेत. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदली, की ते उमटतात. हिंदी नोंदली, तर हिंदी वळण येते. बालाघाटसारख्या हिंदी कारभाराच्या जिल्ह्यात यंत्रावर भाषा हिंदीच नोंदलेली असावयाची. मराठी मुलाने पाटीवर गिरविलेला ‘ल’ त्याला पडद्यावर दिसावा, असे वाटत असेल, तर ती नोंद पालटून पाहावी.