एक्स्चेंजची बॅटरी

आमच्या जे. पी. नगरच्या घरी टेलिफोन १९९१ साली आला आणि २०१९ साली गेला. यायला सहा वर्षे लागली होती, जायला एक अर्ज पुरला. त्याच्या जागी इंटरनेटवरून बोलायचा फोन आला, इतका स्वस्त की त्याचे वेगळे बिलच येत नाही. हा बदल आम्ही घरच्यांनी अगदी सहज केला. त्यात आपण नेमके काय बदलले हे मला तीन वर्षांनी, एका पावसाळी संध्याकाळी कळले. म्हणून हा हिशेब.

बाबा मूळचे खानापूर तालुक्यातले. १९५३ साली नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये, म्हणजे आय.टी.आय.मध्ये लागले. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने उभारलेल्या उद्योगांतला हा अगदी पहिला, १९४८ सालचा. कारखान्याभोवती जी वसाहत उभी राहिली तिचे नाव दूरवाणीनगर. टेलिफोनला कन्नडमध्ये ‘दूरवाणी’ म्हणतात. आपण मराठीत ‘दूरध्वनी’ म्हणतो. लहानपणी मी दोन्ही शब्द सारखेच समजत असे. बाबा हसून म्हणत, ‘ध्वनी भांड्याचाही असतो, वाणी माणसाचीच असते. कानडी लोकांनी शब्द नीट निवडलाय.’ मराठी माणसाने मराठी शब्दाला कमी लेखावे याचा आईला राग येई.

आय.टी.आय.ने सुरुवातीला इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या एका कंपनीशी करार करून स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजे बनवायला घेतली. ही पद्धत अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर या गृहस्थाची. त्याचा धंदा अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा. आपल्याकडे येणारे फोन ऑपरेटर बाई दुसऱ्याच दुकानाला जोडून देते असा त्याला संशय होता, म्हणून त्याने बाईविना चालणारे एक्स्चेंज शोधून काढले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले, असे सांगतात. डायल फिरवून सोडली की जेवढा आकडा तेवढ्या वेळा तारेतला प्रवाह तुटतो, आणि एक्स्चेंजमधला यांत्रिक हात तेवढ्या पायऱ्या वर चढतो. बाबा हे हात जुळवण्याच्या विभागात होते. पस्तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी यंत्रे तयार केली.

आमच्या घरात फोन नव्हता. निवृत्तीची सोय म्हणून बी.डी.ए.चा साइट मिळाला तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरात. ‘जे. पी.’ म्हणजे जयप्रकाश नारायण, हे आता तिथे राहणाऱ्या पुष्कळांना सांगावे लागते. १९८५ साली घराचा पाया घालतानाच बाबांनी टेलिफोनसाठी नाव नोंदवले. फोन लागला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. लाइनमन गेल्यावर त्यांनी यंत्र उलटे केले, तळाशी आपल्या कारखान्याचे नाव आहे की नाही ते पाहिले, आणि मगच आईला हात लावू दिला.

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट समजावली. ‘टेलिफोन म्हणजे दोन तारा आणि एक बॅटरी. तारा आपल्या दारापर्यंत येतात, पण बॅटरी आपल्याकडे नाही, एक्स्चेंजमध्ये आहे. अठ्ठेचाळीस व्होल्टची. घरची वीज गेली तरी फोन जात नाही तो त्यामुळे. एक्स्चेंजची वीज गेली तर तिथे बॅटऱ्यांची रांग आहे, आणि मागे जनरेटर आहे.’ जे. पी. नगरात तेव्हा वीज रोज जाई. अंधारात फोन वाजला की बाबांचा चेहरा पाहण्यासारखा होई.

आमची सहा वर्षांची वाट काही जगावेगळी नव्हती. सगळ्या देशाचीच ती गत होती, आणि खेड्यांना तर रांगेतही जागा नव्हती. परदेशी एक्स्चेंजे महाग, शिवाय त्यांना वातानुकूलित खोली लागायची. १९८४ साली सरकारने सी-डॉट ही संशोधन संस्था काढली. सॅम पित्रोदांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. तिथल्या तरुण अभियंत्यांनी खेड्यासाठी १२८ जोडण्यांचे छोटे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज तयार केले. उष्णता आणि धूळ सोसणारे, थंड खोली न मागणारे. त्यातले पहिले १९८६ साली बसले ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. बेळगावला जाताना बस कित्तूरजवळ आली की सगळ्यांचे बोट राणी चन्नम्माच्या किल्ल्याकडे जाई. बाबा मात्र दुसरीकडे बोट दाखवत आणि म्हणत, ‘तिथे एक्स्चेंज आहे.’ त्या एक्स्चेंजने त्यांच्या स्ट्रोजरला कायमची रजा दिली होती, पण त्याबद्दल त्यांच्या बोलण्यात कधी कडवटपणा आला नाही.

फोन आला तरी बोलणे स्वस्त नव्हते. एस.टी.डी.चा दर अंतर आणि वेळ पाहून ठरे. रात्री उशिरा तो पाव होई. म्हणून खानापूरच्या काकांची ख्यालीखुशाली आम्हाला नेहमी पेंगुळलेल्या आवाजात कळे. १९९६ साली धाकटा भाऊ न्यू जर्सीला गेला. त्या काळात अमेरिकेशी बोलायला मिनिटाला साठ रुपयांच्या आसपास पडत. आई बोलायचे मुद्दे कागदावर लिहून ठेवी आणि फोनवर भावाचा आवाज ऐकला की कागद विसरे. पैसे रडण्यात जात.

स्वस्तात बोलण्याची युक्ती मात्र जगात तेव्हाच होती. जुन्या पद्धतीत दोघे बोलत असेपर्यंत दोघांमधली एक वाट त्यांच्यासाठी अडवून ठेवलेली असते. तुम्ही गप्प बसलात तरी ती अडलेलीच. म्हणून अंतराचे आणि मिनिटांचे पैसे. इंटरनेटवर वाट कोणासाठीच राखून ठेवत नाहीत. आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतात, त्यांचे आकडे करतात, आणि साधारण दर वीस मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पुडके बांधून पाठवतात. सेकंदाला पन्नास पुडकी. चित्रांच्या, पत्रांच्या, पैशांच्या पुडक्यांबरोबर तीही जातात आणि पलीकडे पुन्हा ओळीने लावली जातात. अमेरिकेत आर्पानेटवर असे बोलून पाहिले गेले ते १९७४ साली. १९९५ साली व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरच्या संगणकावरून बोलण्याचा प्रोग्रॅम बाजारात आणला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले.

म्हणजे भाऊ अमेरिकेला गेला तेव्हा युक्ती होती आणि इंटरनेटही होते. नव्हती ती परवानगी. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारायंत्राचा, आणि त्याच अर्थाने टेलिफोनचा, एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. इतरांना तो परवान्यानेच मिळे. १९९८ साली खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने दिले गेले, पण त्यावरून टेलिफोनसारखे बोलायला बंदी राहिली. सरकारच्या बाजूनेही काही म्हणणे होते. परदेशी फोनच्या महाग दरातूनच देशातल्या स्थानिक फोनचे भाडे कमी ठेवता येत होते. आईच्या त्या रडण्याच्या पैशांतून कुठल्यातरी गावातली लाइन चालत असणार, असे मला आता वाटते.

१ एप्रिल २००२ पासून ही बंदी अर्धी उठली. संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलता येऊ लागले. आमच्या भागातल्या सायबर कॅफेत कानाला हेडफोन लावलेल्या म्हाताऱ्या माणसांची रांग लागू लागली. त्या रांगेत आईही असे. तिथे तिला कागद लागत नसे. पण इंटरनेटवरून देशातल्या देशात, म्हणजे संगणकावरून खानापूरच्या काकांच्या फोनवर, बोलायची परवानगी नव्हती. इंटरनेट आणि आपले टेलिफोनचे जाळे यांच्यामध्ये कायद्याची एक भिंत राहिली. ती पडायला आणखी सोळा वर्षे लागली. २०१८ साली दूरसंचार खात्याने इंटरनेट टेलिफोनीला वाट मोकळी केली, आणि भारत संचार निगमने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. वर्षाला १,०९९ रुपये भरा आणि ॲपवरून देशभर कोणाच्याही फोनवर बोला. आमच्या कित्येक वर्षांच्या बिलांपुढे हा आकडा क्षुल्लक होता.

बाबा २०११ साली गेले होते. आई एकटी जे. पी. नगरात, मी शहराच्या उत्तर टोकाला हेब्बाळला. ॲप तिला झेपणारे नव्हते. म्हणून २०१९ साली आम्ही फायबरची जोडणी घेतली. तिच्या डब्याला फोन लावायची खाच असते. आतून जातात ती तशीच पुडकी, हातात मात्र ओळखीचा रिसीव्हर. तांब्याच्या तारेचे मासिक भाडे थांबवले. भारतात लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, त्यामुळे नंबर गेला. तो सहा आकडी होता, मग सात झाला, मग मागे दोन लागून आठ. आईला तिन्ही पाठ होते. नवा नंबर तिने भिंतीवर लिहून ठेवला.

फायबर लावणाऱ्या मुलाने जुनी तार ज्या भोकातून आली होती त्याच भोकातून नवी आत घेतली. बाबा असते तर त्यांनी एकच प्रश्न विचारला असता. आमच्यापैकी कोणी तो विचारला नाही.

२०२२ च्या मे महिन्यात बेंगळुरूत धो धो पाऊस झाला. अशाच एका संध्याकाळी आमच्या रस्त्यावर झाड पडले आणि वीज गेली. आई अंधारात स्वयंपाकघरातून बाहेर येताना पाय घसरून पडली. तिला उठता येईना. सरकत सरकत ती फोनपर्यंत पोचली, रिसीव्हर उचलला, कानाला लावला. आत काहीच नव्हते. ‘फोन बिघडलाय असं वाटलं नाही गं,’ ती नंतर म्हणाली. ‘आधी वाटलं, मलाच ऐकू यायचं बंद झालं.’ तीस वर्षे अंधारात तिने तो रिसीव्हर उचलला होता आणि प्रत्येक वेळी आतून तो सलग गुणगुणता आवाज आला होता. मोबाइल बेडरूममध्ये होता, तिथपर्यंत जाणे शक्य नव्हते. दोन तासांनी शेजारच्या कन्नड बाई मेणबत्ती आहे का विचारायला आल्या, म्हणून कळले. खुब्याला चीर गेली होती. तीन महिन्यांत आई चालू लागली.

दोष कोणाचा, हे मी खूप दिवस शोधत होते. झाड पडते, वीज जाते. आमचा डबा बंद पडला कारण त्याला घरची वीज लागते. काचेच्या तंतूतून उजेड येतो, फोन चालवणारी वीज येत नाही. यात कोणी फसवले नव्हते. १८८५ च्या कायद्याने सरकारकडे एकाधिकार होता, तेव्हा त्याबरोबर बॅटरीही सरकारकडेच होती. परवानगी हळूहळू आपल्याकडे आली, दर खाली आले, आणि बॅटरीही आपल्याकडे आली. फक्त ती आणून ठेवायची आहे हे आम्हाला उमगले नाही.

ही अडचण जगाला नवी नाही. अमेरिकेत इंटरनेट फोनवरून ९११ लावल्यावर मदत पोचत नाही, किंवा पत्ताच कळत नाही, असे प्रसंग घडले, तेव्हा २००५ साली तिथल्या नियामकाने कंपन्यांना ही सोय सक्तीची केली. ब्रिटनमध्ये सगळे जुने टेलिफोनचे जाळे २०२७ च्या जानेवारीपर्यंत बंद व्हायचे ठरले आहे. तिथे फक्त लँडलाइनवर अवलंबून असणाऱ्यांना वीज गेल्यावर निदान तासभर आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय कंपनीने द्यावी, असे नियामक सांगतो. आपल्या ट्रायने २०१७ च्या शिफारशींत इंटरनेट टेलिफोनीसाठी आपत्कालीन नंबरांची सोय सक्तीची केली नाही, पण या सेवेच्या मर्यादा ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगाव्यात असे म्हटले. म्हणजे जाणकारांना हे माहीत होते. माझ्या घरात तर ते माहीत असलेला माणूस पन्नास वर्षे राहिला होता.

स्वस्त फोनला मी नावे ठेवणार नाही. भाऊ आता रोज बोलतो, कधी नुसता भाजी फोडणीला टाकताना कानाशी असतो. साठ रुपये मिनिटाच्या काळात ‘आज काय भाजी?’ असे कोणी विचारत नसे. बाबांची मोठी एक्स्चेंजे हे देऊ शकली नसती.

आई बरी झाल्यावर मी एस. पी. रोडवर गेले आणि राउटरसाठी मिळतो तो छोटा यू.पी.एस. आणला. बशीएवढा डबा, आत बॅटरी. बारा व्होल्टची. वीज गेली तर तीन-चार तास फोन चालतो. तो आम्ही फोनच्या शेजारी बाबांच्या फोटोखाली ठेवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई स्वतः भिंतीवरचे बटण बंद करते, रिसीव्हर उचलते आणि मला फोन लावते. ‘वाजला का गं?’ एवढेच विचारते, आणि ठेवून देते.