पाठिंब्याच्या चार ओळी

१९१८ साली यवतमाळात ‘लोकमत’ साप्ताहिक निघालं. नाव लोकमान्य टिळकांनी सुचवलेलं, पुढाकार वणीत जन्मलेल्या वकील बापूजी अण्यांचा.

अशा वृत्तपत्रांत एखाद्या पुढाऱ्याची बाजू घेणारं वाचकाचं पत्र तेव्हा ‘रा. रा. संपादक यांस, कृ. सा. न. वि. वि.’ अशा थाटात सुरू होई. खाली सहीऐवजी पुष्कळदा टोपणनाव. संपादकालाही ते जपूनच छापावं लागे. १९१०च्या छापखाना कायद्यानुसार सरकार नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागू शके आणि मजकूर खटकला की जामीन जप्त करी. वाचकाच्या चार ओळी, भुर्दंड मात्र छापखान्याला!

पुढे जुलै १९३०मध्ये ‘लोकमत’च्या याच अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले.

स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डांनी बंद पडलेलं ‘लोकमत’ पुन्हा सुरू केलं. १९७१मध्ये ते नागपुरातून दैनिक झालं.