डॉब्सनफ्लाय म्हणजे काय? विळ्यासारखे जबडे असलेला हा कीटक ओढ्याबद्दल काय सांगतो?

बोटाएवढं लांब अंग, त्याहून मोठे जाळीदार पंख आणि तोंडापुढे विळ्यासारखे वळलेले दोन जबडे. डॉब्सनफ्लायच्या नराचा फोटो पाहिला की हा विषारी असणार असंच वाटतं. प्रत्यक्षात त्याच्याकडे विष नाही आणि त्या लांबलचक जबड्यांत फारसा जोरही नाही. या कीटकाचं बहुतेक आयुष्य पंख फुटण्याआधीच, पाण्यातल्या दगडांखाली सरतं. म्हणूनच तो ज्या ओढ्यात सापडतो, त्या ओढ्याच्या तब्येतीबद्दल बरंच काही कळतं.

माशी नाही, चतुरही नाही

नावात ‘फ्लाय’ असलं तरी ही माशी नाही. माशीला उडायला पंखांची एकच जोडी असते, याला दोन असतात. चतुर बसताना पंख आडवे पसरून ठेवतो, तर डॉब्सनफ्लाय ते पाठीवर मिटून घेतो.

त्याच्या गणाचं नाव मेगालोप्टेरा, म्हणजे मोठ्या पंखांचे कीटक. मागच्या पंखाचा बुडाकडचा भाग रुंद असतो आणि मिटताना पंख्यासारखा घडी होतो. जगभरात या गणात ४००च्या आसपास प्रजाती आहेत. त्यांची दोन कुळं आहेत:

– कोरिडॅलिडी: यात डॉब्सनफ्लाय आणि फिशफ्लाय अशी दोन उपकुळं येतात. फिशफ्लायचे जबडे आखूड असतात आणि अनेकांच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी असतात.
– सियालिडी: हे अल्डरफ्लाय. आकाराने लहान आणि बहुधा गडद रंगाचे.

पूर्वी हे सगळे न्यूरोप्टेरा या गणातच धरले जात. शेतकऱ्यांना मित्रकीटक म्हणून ओळखीचा असलेला क्रायसोपर्ला त्याच गणातला. मात्र दोघांच्या अळ्यांत मोठा फरक आहे. क्रायसोपर्लाची अळी भक्ष्यातला रस शोषून घेते, तर मेगालोप्टेराची अळी भक्ष्य चावून खाते. आता हे दोन वेगळे, पण जवळचे गण मानले जातात.

वर्षं पाण्यात, दिवस हवेत

मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा खडकावर अंडी घालते. उत्तर अमेरिकेतल्या कोरिडॅलस कॉर्नुटस या प्रजातीची मादी एका वेळी सुमारे १००० अंडी घालते आणि त्यांवर पांढरा थर चढवते. लांबून ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसतात. अंड्यातून बाहेर पडलेली अळी थेट खालच्या पाण्यात पडते.

पुढची एक ते तीन वर्षं, थंड पाण्यात कधी त्याहून जास्त, ती अळी म्हणूनच जगते. पोटाच्या दोन्ही बाजूंना तंतूंच्या आठ जोड्या असतात. शेपटीकडच्या आकड्यांनी ती दगड घट्ट धरते, त्यामुळे जोराच्या प्रवाहातही वाहून जात नाही. इतर कीटकांच्या अळ्या हे तिचं खाद्य. अमेरिकेत ही अळी गळाला आमिष म्हणून लावतात. जपानच्या नागानो भागात नदीतल्या अशा अळ्या चक्क खाल्ल्या जातात.

वाढ पूर्ण झाली की अळी पाण्याबाहेर येते आणि काठच्या ओल्या मातीत कोष अवस्थेत जाते. त्यातून बाहेर पडणारा पंखवाला कीटक काही दिवस किंवा फार तर काही आठवडे जगतो. तो जवळपास काहीच खात नाही. जोडीदार शोधणं एवढंच त्याचं काम.

मग एवढे जबडे कशासाठी?

कोरिडॅलस कॉर्नुटसच्या नराचे जबडे ४ सेंटिमीटरपर्यंत वाढतात. ते दुसऱ्या नराशी झुंजायला आणि मादीसमोर मिरवायला उपयोगी पडतात. इतक्या लांब जबड्यांना चावण्यासाठी जोर लावता येत नाही. मादीचे जबडे आखूड असतात, म्हणून तिचा चावा जास्त जोराचा. अळीही कडकडून चावते.

भुशीच्या पाण्यात काय बघायचं?

भारतात या कीटकांच्या बहुतेक नोंदी हिमालय आणि ईशान्य भारतातल्या आहेत. पश्चिम घाटातल्या ओढ्यांच्या अभ्यासातही कोरिडॅलिडी कुळाच्या अळ्या आढळल्या आहेत. त्यांना कसं पाणी लागतं, हे समजायला लोणावळ्याचा भुशी परिसर चांगलं उदाहरण आहे.

पावसाळ्यात इथे डोंगरातून जागोजागी पाणी खळाळतं. खडकांवर आपटणाऱ्या पाण्यात भरपूर ऑक्सिजन मिसळतो. पण धबधबा दिसला म्हणजे अळीला घर मिळालं, असं होत नाही. जिला मोठं व्हायला वर्षं लागतात, तिला चार महिने वाहून आटणारा ओढा पुरत नाही. काही फिशफ्लायच्या अळ्या कोरड्या पात्राखालच्या ओलाव्यात तग धरतात, पण बहुतेकांना बारमाही पाणी हवं.

दुसरी गरज दगडांमधल्या फटींची. भुशी धरण ब्रिटिश काळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून इंद्रायणीवर बांधलं गेलं. कोणत्याही धरणाच्या भिंतीमागे पाणी थांबतं, गाळ तळाशी बसतो आणि फटी बुजतात. मग प्रवाहात राहणाऱ्या कीटकांची जागा साचलेल्या पाण्यातले कीटक घेतात. हीच इंद्रायणी पुढे आळंदीला पोहोचते, तेव्हा सांडपाण्यामुळे तिच्यावर फेस दिसल्याच्या बातम्या वारंवार येतात.

बाटलीत भरलेला नमुना त्या दिवसाचं पाणी कसं होतं ते सांगतो. दगडाखाली दोन-तीन वर्षं वाढलेली अळी मात्र त्या सगळ्या काळाची साक्ष देते. मध्येच एकदा जरी पाणी फार बिघडलं असतं, तर ती तिथे नसती. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही तळाशी राहणाऱ्या जिवांच्या कुळांना गुण दिले जातात आणि त्यावरून पाण्याची स्वच्छ ते अतिप्रदूषित अशा पाच वर्गांत विभागणी होते.

ओढ्याकाठी कधी दगड उचलून पाहिलात, तर तो होता तसाच, त्याच जागी परत ठेवा. त्याच्याखाली कोणाचं तरी काही वर्षांचं घर असू शकतं.